गळा एकाचा, नाव दुसऱ्याचे

१९४९ साली ‘महल’ चित्रपटाच्या गाण्याची तबकडी बाजारात आली, तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. कामिनी नावाची गायिका कोठेच नव्हती. ते पडद्यावरील पात्राचे नाव. मुद्रा मधुबालेची आणि गळा लता मंगेशकरांचा. गाणे रेडिओवर लागले, ऐकणारे वेडे झाले, ही कामिनी कोण म्हणून पृच्छा होऊ लागली, तेव्हा कोठे खरे नाव लोकांना कळले. फिल्मफेअरच्या पारितोषिकांत पार्श्वगायनाला स्वतंत्र पाट मांडला जायला १९५९ साल उजाडावे लागले. पुढे गाणाऱ्याला रॉयल्टी असावी की नसावी, यावरून लताबाई आणि महंमद रफी यांचे असे बिनसले की काही वर्षे दोघांची युगुलगीते बंद पडली. ही हकीकत आपणा बहुतेकांना ठाऊक आहे. ती मुद्दाम आरंभी सांगितली, कारण आज आम्हांला जो इतिहास मांडायचा आहे तो हिचाच दूरदेशीचा भाऊबंद आहे.

तो इतिहास आहे अमेरिकेतील आवाजाच्या नटांचा. जपानात जी हलती चित्रे तयार होतात आणि ज्यांना आता सारे जग ‘ॲनिमे’ म्हणते, त्यांतील पात्रांच्या तोंडी इंग्रजी बोल घालणारी ही मंडळी. पुढे संगणकावरचे खेळ आले, त्यांतही हीच मंडळी बोलू लागली. विषयाचे नाव ऐकून काही ज्येष्ठ मित्रांनी आम्हांला हसून विचारले, “अहो, हा तर नातवंडांचा विषय. यात इतिहास कसला?” आमचे उत्तर एवढेच की, ज्या धंद्यावर माणसांनी उभी हयात काढली, ज्यात नाव आणि दाम यांसाठी ती भांडली, त्या धंद्याला इतिहास असतोच. नातवंडांना तो ठाऊक नाही आणि आजोबांना त्यात गोडी नाही, एवढ्यावरून तो नाहीसा होत नाही.

या इतिहासाचा आरंभ एका शेवटापासून करावा लागतो. ३० सप्टेंबर १९६२, रविवार. त्या दिवशी अमेरिकेच्या सी.बी.एस. नभोवाणीने ‘सस्पेन्स’ आणि ‘युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर’ या आपल्या दोन जुन्या नाट्यमालिकांचे अखेरचे भाग ध्वनिक्षेपित केले, आणि तेथील नभोनाट्याचे युग संपले असे इतिहासकार मानतात. आकाशवाणीची नभोनाट्ये ज्यांनी कान टवकारून ऐकली आहेत त्यांना यात काय गेले ते सांगायला नको. दार करकरले की अंगावर काटा येई आणि एकाच नटाच्या गळ्यातून म्हातारा सावकार आणि त्याचा तरुण मुलगा असे दोघे भांडत. हे कसब कमावलेले शेकडो नट न्यूयॉर्कमध्ये होते. दूरदर्शनने त्यांचे श्रोते नेले. चेहऱ्याला मागणी आली, गळ्याची गेली.

आणि बरोबर त्याच सुमारास, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, १ जानेवारी १९६३ रोजी टोकियोच्या फुजी दूरचित्रवाणीवर ओसामु तेझुका यांचा ‘तेत्सुवान आतोम’ हा यंत्रबालक प्रथम उडाला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात तो ‘ॲस्ट्रो बॉय’ हे नाव घेऊन अमेरिकेत उतरला. एन.बी.सी.ने मालिका घेतली आणि फ्रेड लॅड या निर्मात्याने न्यूयॉर्कमध्ये तिचे इंग्रजी रूप तयार केले. मूळ १९३ भागांपैकी १०४ भाग इंग्रजीत आले. एवढ्या सगळ्या पात्रांना बोलते करायला मुख्यतः किती माणसे होती? तीन. बिली लू वॉट ही बाई यंत्रबालकाचा आवाज झाली. रे ओवेन्स आणि गिल्बर्ट मॅक यांनी उरलेले जग वाटून घेतले. नभोनाट्याने शिकवलेली विद्या अशी कामी आली. एका गळ्यातून दहा माणसे काढायची सवय दुसऱ्या कोणाला असणार?

या मंडळींपैकी ज्यांच्या आयुष्यात या धंद्याचा सारा चढउतार दिसतो, असे गृहस्थ म्हणजे पीटर फर्नांडेझ. नाव ऐकून कोणास वसईची किंवा गोव्याची आठवण होईल. पण हे २९ जानेवारी १९२७ रोजी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये जन्मले. पुढे अमेरिकेत महामंदी आली. घरच्या चुलीला हातभार म्हणून सातव्या वर्षी हे पोर छायाचित्रकारांपुढे उभे राहू लागले. जाहिरातींसाठी देखणी मुले पुरवणाऱ्या एका संस्थेत त्यांचे नाव नोंदले होते. तेथून रंगभूमी. लिलियन हेलमन यांच्या ‘वॉच ऑन द ऱ्हाइन’ या नाटकात, १९४१ साली ब्रॉडवेवर, ते मुलाच्या भूमिकेत होते. त्याच काळात नभोवाणीवर एकामागून एक कामे. मग सैन्य, मग परत येऊन मासिकांसाठी आणि नभोवाणीसाठी लेखन, आणि १९४९ साली ‘सिटी अक्रॉस द रिव्हर’ या चित्रपटात एक ठळक भूमिका. चेहऱ्याचे नट म्हणून ते जगप्रसिद्ध व्हायचे होते असे नव्हे. पण नट, लेखक आणि नभोवाणीवर मुरलेला गळा या तीन गोष्टी एका माणसात जमल्या होत्या, आणि नव्या धंद्याला नेमक्या याच तिन्ही हव्या होत्या.

‘ॲस्ट्रो बॉय’, ‘जायगँटर’ यांची काही इंग्रजी संहिता त्यांनी लिहिली. पण ज्या कामामुळे आज त्यांचे नाव घ्यायचे ते १९६७ सालचे. तात्सुनोको या चित्रसंस्थेची, तात्सुओ योशिदा यांची ‘माख गो गो गो’ ही मोटारशर्यतीची मालिका त्या वर्षी जपानात सुरू झाली आणि त्याच वर्षी तिचे ५२ भाग इंग्रजीत आणायचे ठरले. ते काम फर्नांडेझ यांच्याकडे आले. इंग्रजीत मालिकेचे नाव झाले ‘स्पीड रेसर’.

येथे जरा थांबून हे काम कसे चालते ते पाहिले पाहिजे, कारण सारी मौज आणि सारी मेहनत त्यातच आहे. चित्र आधीच रंगलेले असते. पात्राचे तोंड जपानी शब्दांच्या मापाने उघडते आणि मिटते. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी, आपल्या मराठीसारखे. इंग्रजीत ते मध्येच. जपानीत पाच अक्षरांत होणारी गोष्ट इंग्रजीत दोनांत संपते, किंवा उलट. भाषांतर म्हणून जे हाती येई तो कथेचा सांगाडा. फर्नांडेझ चित्रफीत पुढे मागे सरकवत, पात्राचे ओठ न्याहाळत, त्या उघडझापीत बसेल असे वाक्य रचीत. अर्थ मोडता कामा नये, आणि ओठ मिटलेले असता शब्द बाहेर पडता कामा नये. आपल्याकडे जुन्या चालीवर नवे पद बसविणाऱ्या नाटककारांना या कष्टाची कल्पना होती. फरक एवढाच की, चाल थोडी ओढून घेता येते, गवई सांभाळून घेतो. चित्रातले ओठ कोणासाठी थांबत नाहीत.

या ओढाताणीतून एक विलक्षण बोलणे जन्मास आले. स्पीड रेसरमधील पात्रे तोफखाना सुटावा तशी बोलतात. वाक्य संपता संपता ओठ अजून हलताहेत असे दिसले की एक ‘ओह्’ किंवा हुंकार तेथे टाकून जागा भरायची. टीकाकारांनी याची पुष्कळ थट्टा केली. पुढे विनोदी कार्यक्रमांत या बोलण्याच्या नकला होऊ लागल्या. पण नक्कल कशाची होते? ज्याला स्वतःची अशी ढब आहे त्याची. अडचणीतून शैली निघते, ही गोष्ट आमच्या मते या सबंध प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखी आहे.

नायकाचे मूळ नाव गो मिफुने. तोशिरो मिफुने या थोर जपानी नटाच्या आडनावावरून घेतलेले. त्याच्या शिरस्त्राणावर ‘एम’ आणि सदऱ्यावर ‘जी’ ही अक्षरे रंगवलेली. म्हणजे मिफुने आणि गो. आता नायकाचे इंग्रजी नाव झाले स्पीड, आणि चित्रातले अक्षर पुसता येत नाही! तेव्हा ‘एम’ हे त्याच्या ‘माख फाइव्ह’ या मोटारीचे आणि ‘जी’ हे त्याच्या ‘गो टीम’ या संघाचे, असा खुलासा रूढ झाला. आरंभगीताचे इंग्रजी शब्दही फर्नांडेझ यांचेच. कोठे रक्तपात किंवा मृत्यू फार ठळक दिसला तर तो संवादांतून सौम्य करायचे कामही त्यांच्याच शिरावर.

कलावंत होते चार. कोरिन ऑर या बाईंनी नायकाची मैत्रीण, त्याची आई आणि त्याचा खोडकर धाकटा भाऊ अशा तिघांना आवाज दिला. जॅक ग्राइम्स हे नभोवाणीवर ‘सुपरमॅन’मध्ये गाजलेले, ते यंत्रकारागीर झाले आणि माकडही झाले. जॅक कर्टिस वडील झाले. फर्नांडेझ स्वतः नायक, आणि मुखवटा घातलेला गूढ शर्यतपटू ‘रेसर एक्स’ तोही त्यांचाच. हा मुखवटेवाला नायकाचा घर सोडून गेलेला थोरला भाऊ. धाकट्याला ते ठाऊक नाही, पाहणाऱ्याला ठाऊक आहे. म्हणजे भाऊ भावाला ओळखत नाही असे ते हृद्य प्रसंग एकच माणूस ध्वनिक्षेपकापुढे उभा राहून स्वतःशी बोलत होता. लाखो मुलांनी ते ऐकले आणि एकालाही शंका आली नाही. नटाला याहून मोठी पावती कोणती?

पावती खरी, पण पैसे? या धंद्याची रीत अशी पडली की, नट येईल, बसेल, बोलेल आणि त्या दिवसाचा मेहनताना घेऊन जाईल. चित्र मात्र जात नाही. ते या शहरी दाखवले जाते, त्या शहरी दाखवले जाते, दहा वर्षांनी पुन्हा, वीस वर्षांनी पुन्हा. १९९३ साली एम.टी.व्ही. या वाहिनीने ‘स्पीड रेसर’ रात्री उशिरा दाखवायला घेतले, तेव्हा १९६७ ची मुले बाप झाली होती आणि तीच पुन्हा पाहत होती. माळ्याला एकदा मजुरी दिली, आंबा मात्र दरवर्षी धरतो आहे. लताबाईंच्या भांडणाचा गाभा हाच नव्हता का?

जपानात ही गोष्ट नटांनी लवकर ओळखली. तेथे परदेशी मालिका जपानीत आणण्याचे काम १९५० नंतरच्या दशकात जोरात होते, आणि त्या कामावर जगणाऱ्या आवाजाच्या नटांनी ८ ऑगस्ट १९७३ रोजी एक दिवस काम बंद ठेवले. मोबदला सुमारे तिपटीने वाढला. अमेरिकेत मात्र इंग्रजी डबिंगचा पुष्कळ भाग नटांच्या संघटनेच्या करारांबाहेर राहिला, आणि त्यातून एक चमत्कारिक प्रथा निघाली: टोपणनावाची. संघटनेचा सभासद असलेला नट करारांबाहेरचे काम पत्करी आणि श्रेयनामावलीत भलतेच नाव घाली. १९९८ सालच्या ‘काउबॉय बीबॉप’ या मालिकेने अमेरिकेत मोठ्या माणसांना ॲनिमेची गोडी लावली; २ सप्टेंबर २००१ पासून ती रात्रीच्या कार्यक्रमांत दिसू लागली. तिच्या नायकाचा तो आळसावलेला, खर्जातला आवाज कोणाचा? श्रेयनामावली म्हणे डेव्हिड लुकास. तो आवाज होता स्टीव्ह ब्लूम यांचा. हेच ब्लूम पुढे खेळांच्या दुनियेत इतके बोलले की, २०१२ साली गिनीजच्या विक्रमांत त्यांच्या नावावर २६१ खेळ नोंदले गेले. विक्रम करणाऱ्याने आपल्या सर्वांत गाजलेल्या भूमिकेवर आपले नाव घालू नये, हे विनोदी वाटते खरे.

दुसरे उदाहरण ‘मेटल गियर सॉलिड’ या १९९८ च्याच जपानी खेळाचे. त्याच्या इंग्रजी आवृत्तीत बहुतेक नट टोपणनावांनी आहेत. नायकाचा आवाज ‘शॉन बार्कर’. हे वास्तविक डेव्हिड हेटर, ‘एक्स-मेन’ या २००० सालच्या चित्रपटाचे पटकथाकार. २००४ साली त्या खेळाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा जुने सहकारी परत यावेत म्हणून हेटर यांनी आपल्या मोबदल्याचा अर्धा भाग सोडला, अशी त्यांच्या एका सहकाऱ्याने सांगितलेली हकीकत आहे. पुढे २०१३ साली जाहीर झाले की मालिकेतील नव्या खेळात नायकाला आवाज कीफर सदरलंड देतील. ते पडद्यावरचे नामवंत नट. पंधरा वर्षे जो गळा त्या वीराचा म्हणून ओळखला गेला तो एका निवेदनासरशी बाजूला झाला. सदरलंड यांचे काम वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. पण चेहऱ्याने आणि नावाने गळ्याला उठवले, ते असे.

आपल्याकडेही याचा प्रत्यय आहे. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी जो ‘जंगल बुक’ लागे तो मूळचा जपानी, निप्पॉन ॲनिमेशनचा. त्यातील शेरखानाचा हिंदी आवाज नाना पाटेकरांचा, हे घरोघरी ठाऊक होते. कारण नाना आधीच नाना होते. मोगलीला आवाज कोणी दिला, हे किती घरांत ठाऊक होते? मेघना एरंडे यांच्यासारख्या मराठी कलावतीने ‘निन्जा हातोरी’ला हिंदीत बोलते केले, त्यांचे नाव आज पालकांना कळू लागले आहे, ही प्रगतीच म्हणायची.

नाव म्हणजे निव्वळ मानपानाचा प्रश्न, असे कोणी समजू नये. आपल्या कॉपीराइट कायद्याला २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिने कलावंताच्या रॉयल्टीचा हक्क मान्य केला. पण त्याच दुरुस्तीत एक परंतुक आहे: चित्रपटातील ज्याचे काम किरकोळ वा प्रासंगिक आहे आणि ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीत वा अन्यत्र कोठेही नाही, तो एका मर्यादित हक्कापुरता सोडून कायद्याच्या लेखी कलावंतच नव्हे. म्हणजे नाव गेले की मागोमाग दामही जाऊ शकते.

खेळांच्या कामात आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे घसा. चित्रमालिकेत कथा असते, संवाद असतात. युद्धाच्या खेळात नटाला जळत मरण्याच्या, कड्यावरून पडण्याच्या, गोळी लागल्याच्या किंकाळ्या तासन् तास द्याव्या लागतात. ‘ड्रॅगन बॉल’मधील गोकू या वीराचा इंग्रजी आवाज १९९९ पासून देणारे शॉन शेमेल हे मूळचे फ्रेंच हॉर्न वाजवणारे, म्हणजे श्वासावर हुकमत असलेले. त्यांनी स्वतः सांगितले आहे की वीराची एक लांबलचक आरोळी देता देता ते शुद्ध हरपून कोसळले होते. टेक्सासातील एका ध्वनिमुद्रण खोलीत!

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकन नटांची संघटना सॅग-आफ्ट्रा हिने खेळांच्या कंपन्यांविरुद्ध संप पुकारला. मागण्या तीन वाचल्या की आजवर सांगितलेले सारे त्यांत येते. खेळ अमाप खपला तर नटाला वाटा मिळावा. घसा फाडणारे काम एका बैठकीत दोन तासांच्या वर नसावे. आणि तिसरी, जी वाचून आम्ही चकित झालो: आपण कोणत्या खेळात, कोणत्या भूमिकेसाठी बोलतो आहोत हे नटाला आधी सांगावे! म्हणजे तोवर ते पुष्कळदा सांगितलेही जात नव्हते. व्यापारी गुपित म्हणून नट एका अंधाऱ्या विहिरीत वाक्ये टाकून येई. संप अकरा महिने चालला. माहिती मिळू लागली, बैठकींच्या संख्येवर जादा रक्कम ठरली. घशाच्या बाबतीत बोलणी चालू ठेवण्याचे आश्वासन तेवढे पदरी पडले. आणि खपावरचा वाटा तो काही मिळाला नाही. संपाचा जय झाला की पराजय, यावर मते आहेत. आम्हांला तो अर्धा डाव वाटतो.

उरलेला अर्धा डाव मांडायच्या आत पटच बदलला. यंत्राला थोडे ध्वनिमुद्रण दिले की ते त्या आवाजात हवे ते बोलते, असा काळ आला. २६ जुलै २०२४ रोजी पुन्हा संप सुरू झाला, आणि जुलै २०२५ मध्ये नवा करार सभासदांनी मंजूर केला. आता नटाच्या आवाजाची यांत्रिक प्रतिकृती करायची तर त्याची संमती घ्यावी लागते, तिचा उपयोग कसा केला ते कळवावे लागते, आणि संप चालू असता नट ती संमती स्थगित करू शकतो.

फर्नांडेझ यांना हे पाहायला मिळाले नाही. उतारवयात चाहत्यांच्या मेळाव्यांत लोक त्यांना शोधत येत, तोंडाने शर्यतीचे गीत म्हणून दाखवीत. २००८ साली ‘स्पीड रेसर’चा मोठा चित्रपट निघाला. नायकाचे काम अर्थातच एका तरुण नटाने केले. एकेकाळच्या नायकाला त्यात शर्यतीच्या निवेदकाचे छोटेसे काम मिळाले. १५ जुलै २०१० रोजी न्यूयॉर्क राज्यातील पोमोना गावी, राहत्या घरी, ८३ व्या वर्षी ते फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले.

त्यांचा आवाज ५२ भागांत शाबूत आहे. यंत्राला शिकवायला पुरून उरेल इतका. न्यूयॉर्क राज्याने मृत कलावंतांच्या आवाजाला आणि प्रतिमेला संरक्षण देणारा कायदा केला आहे. तो २९ मे २०२१ रोजी अमलात आला, आणि करताना असा केला की, त्या दिवशी वा त्यानंतर जे मरण पावतील त्यांनाच तो लागू. फर्नांडेझ त्याच्या सुमारे अकरा वर्षे आधी गेले होते.